मॅडमले सगळं माहीत आहे

२ एप्रिल, बुधवार

दोन दिवसांचं प्रशिक्षण आज संपलं. विषय, आजारपणाच्या संशयास्पद रजा. पुण्याहून आलेला ट्रेनर तिशीच्या आतला, केसांना जेल लावलेला, आणि त्याच्यासमोर आम्ही विदर्भातले पस्तीस एचआरवाले खाली मान घालून टिपणं काढतोय. पण दोन गोष्टी त्याने पटवल्या. एक, कारणाच्या मागे लागू नका, तारखा बघा. कारण खोटं बोलतं, पॅटर्न खोटं बोलत नाही. दुसरी, माणसाला समोर बसवा, ‘तुझा पॅटर्न मला कळलाय’ एवढंच म्हणा आणि गप्प राहा. समोरची शांतता कोणालाच झेपत नाही, तो आपणहून बोलू लागतो.

वही ठेवा असंही म्हणाला. ऑफिसच्या वहीत मी नियम लिहीन. ही वही घरची, इथे मला वाटतं ते.

मला वाटतं की आमच्या आइस्क्रीमच्या कारखान्यात एप्रिल लागला की लोक आजारी पडत नाहीत, आजार शोधून काढतात. बाहेर बेचाळीस डिग्री, आत कोल्ड रूममध्ये उणे अठरा, दिवसाला बावीस गाड्या भरायच्या, आणि चौदा लोडरांपैकी रोज दोन-तीन गायब. मालक बापूजी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. "बेटा, आज कितने?" किती आले हे त्यांना नको असतं, किती आले नाहीत ते हवं असतं. अकरा वर्षं मी या प्रश्नाला उत्तर देतेय.

८ एप्रिल, मंगळवार

मस्टर घेऊन बसले आणि सहा महिन्यांचे खाडे रंगीत पेनांनी काढले. तेरा जणांचे खाडे अस्ताव्यस्त आहेत. कोणाची जत्रा, कोणाचं जावळ, कोणाची दारू. एकाचे मात्र कसे शिस्तीत.

दुर्गेश. वय सव्वीस, सावनेरजवळच्या गावचा, वाडीला खोली करून राहतो. दोन वर्षांपासून कंत्राटावर आहे आणि एक जूनला जी पर्मनंटची यादी लागायची आहे तिच्यात त्याचं नाव आहे. अकरा खाडे. अकराच्या अकरा वेळा आदल्या दिवशी कोल्ड रूममध्ये डबल ड्यूटी. म्हणजे डबलचे पैसे खिशात घालायचे आणि दुसऱ्या दिवशी आरामात पडून राहायचं. दर वेळी गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, आणि दर चिठ्ठीवर एकच शब्द, अंगदुखी.

सुपरवायझर मनोहररावांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरगं कामाचं आहे, मॅडम. दारू नाही, खर्रा नाही. आला का तिघायचं काम करते."

"आणि नाही आला की?"

"मंग नाही येत," ते म्हणाले, आणि चष्मा खाली घेतला.

दोघांचा तालुका एकच आहे. मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

१४ एप्रिल, सोमवार

काल दुर्गेशची डबल होती. आज सकाळी सात वाजता फोन आला.

"मॅडम, आज नाही जमत जी. अंग लय दुखून राहिलं."

"ताप आहे का?"

"नाही जी."

"मग काय दुखतंय?"

"हाडं."

सव्विसाव्या वर्षी हाडं! माझी सासू एकाहत्तरची आहे, ती म्हणत नाही. मी दुपारी गाडी काढली आणि सरळ वाडीला गेले. आजारी माणूस कसा असतो ते मला पाहायचं होतं. हा पत्र्याच्या खोलीबाहेर पायरीवर बसला होता. सावलीत नव्हे, उन्हात. चाळीसच्या वर पारा आणि हा पाय पसरून, पायांना तेल चोळून ऊन खात बसलाय. शेजारी पाण्याची दोन लिटरची बाटली, हातात मोबाइल. मला बघून भिंतीला धरून उठला आणि हसला.

मोबाइलवर लग्नपत्रिकेचे नमुने होते. लपवलेसुद्धा नाहीत. "बहिणीचं लग्न आहे जी, चार जूनले. रितिकाचं. पत्रिका पसंद करून राहिलो." मग स्वतःच म्हणाला, "यादीत नाव आलं तं मोठं काम होईन, मॅडम. तिच्या सासरचे घडी घडी इचारते, भाऊ पर्मनंट आहे का म्हणून. बाबा गेल्यापासून मीच आहो न घरात."

मग नोकरी टिकेल असं वाग ना बाबा. पण बोलले नाही. मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून परत आले. आजाराचा पुरावा मागतात, मी बरेपणाचा पुरावा गोळा केला.

२२ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस अमरावतीला होते. माझ्या नवऱ्याच्या, रोहितच्या मावशीकडे वास्तुशांत. माझ्या साध्या रजा संपल्यात, म्हणून मेडिकल टाकली. धरमपेठेतले आमचे डॉक्टर माहेरच्या ओळखीचे, फोनवर सांगितलं की व्हायरल म्हणून लिहून देतात. त्यात काही नाही. मी वर्षातून एकदा घेते आणि माझं काम कोणावर पडत नाही.

आल्या आल्या मस्टर बघितलं. काल दुर्गेश नव्हता. रविवारी डबल होती. चिठ्ठी, अंगदुखी.

२५ एप्रिल, शुक्रवार

आजचा दिवस मी विसरणार नाही. ट्रेनर जेलवाला असला तरी हुशार आहे.

दुर्गेशला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. तक्ता टेबलावर पालथा ठेवला होता. म्हटलं, "दुर्गेश, तुझा पॅटर्न मला कळलाय." आणि गप्प बसले.

मी समजले होते की तो आधी कांगावा करेल, मग शपथा घेईल. तसं काही झालं नाही. त्याचं तोंड एकदम उतरलं. टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "कोणी सांगतलं तुमाले? गावच्या डॉक्टरनं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? कागदावर दिसतं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "हाओ मॅडम. आहे. लपवलं मी. कामावर लागताना सांगतलं असतं तं घेतलं असतं का कोणी? एका ठिकाणी सांगतलं होतं, दुसऱ्या दिवशी या म्हणले आणि मंग गेटावरूनच वापस पाठवलं."

मी गप्पच. आतून मात्र खूश झाले होते. मागच्या नोकरीतही हेच केलेलं दिसतंय.

"मॅडम, पाया पडतो, पण कोणाले सांगू नोका. रितिकाच्या सासरच्याले कळलं तं लग्न मोडन. एका मिनिटात मोडन. आमच्याकडं लय पाह्यतात हे."

आता कामचुकार भावामुळे बहिणीचं लग्न मोडतं हे मला नवीन होतं, पण गावाकडे काय काय बघतात कोण जाणे. म्हटलं, "मी कोणाला सांगणार नाही. पण यापुढे या कारणासाठी एकही रजा नाही. लिहून दे."

"कोल्ड रूमातून काढाल का मंग? गाडीवर टाका, गेटावर टाका, कुठंबी. तुमाले तं माहीतच आहे, थंडीनंच होते ते."

मला काय माहीत आहे? पण समोरचा उघडा पडत असताना मध्ये बोलायचं नाही, असं शिकवलंय. मी मान डोलावली आणि म्हटलं, सीझन संपल्यावर बघू. त्याने कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, मी एक अक्षर सांगितलं नाही: ‘मिनल मॅडमला माझा पॅटर्न माहीत आहे. तरी त्यांनी मला कामावर ठेवले. यापुढे मी या कारणाने रजा घेणार नाही. घेतल्यास मला कामावरून काढावे.’ खाली सही आणि तारीख.

जाताना खरंच वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाणी होतं. मी अकरा वर्षांत कितीतरी जणांना वॉर्निंग दिली, उपकार मानून गेलेला हा पहिलाच.

३ मे, शनिवार

एक तारखेपासून एकही खाडा नाही. एकाला पकडल्याचं बाकी तेरा जणांनाही कळलेलं दिसतं. बापूजी सगळ्यांसमोर म्हणाले, "बेटा, तूने तो जादू कर दिया." मनोहरराव मात्र तोंड पाडून उभे होते. बहुधा जेवण पचलं नसेल.

दुर्गेश पत्रिका घेऊन आला. कुंकू लावून, अक्षता ठेवून. "देवापुढं ठेवली, मंग मामाले देली, आणि तिसरी तुमाले. तुमाले याच लागते, मॅडम. घरी आईले सांगतलं मी, मॅडमले सगळं माहीत आहे पण मनात ठेवलं म्हणून."

आईला सांगितलं! आपला मुलगा रजेत लबाडी करतो हे कोण आईला सांगतं? मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला लिहू. चूक कबूल करणारा माणूस विरळाच. यादीत नाव कायम ठेवायचं ठरवलं.

९ मे, शुक्रवार

दुर्गेश आज लंगडत होता. दाराशी उभा राहून माझ्याकडे बघतो, बोलत काही नाही. जसं काही आमच्या दोघांचं काही ठरलंय आणि ते मी ओळखावं. मला अशा नजरा आवडत नाहीत.

"काय झालं?"

"आज लय आहे, मॅडम. बाहेरच्या गाडीवर टाकता का आजच्या दिवस?"

पंचेचाळीस डिग्रीत बाहेर काम मागतोय, म्हणजे आतलं टाळायचंय. मी हसून म्हटलं, "पॅटर्न तोडायचा ठरलंय ना आपलं?"

तो पण हसला, पण कसंतरीच. "तो कुठं तुटते, मॅडम. मरेस्तोवर राहते तो."

हे मला झोंबलं. कबुली दिली म्हणून डोक्यावर बसायचं का? मी मनोहररावांना सांगितलं, आज याला आतच ठेवा, आणि रविवारी डबलही लावा. ते काही बोलायला गेले, मी फाइल उघडली.

१२ मे, सोमवार

काल डबल केली आणि आज हजर. बघा, आजार कसा पळतो ते.

१५ मे, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. आज कारखान्यात गेले नाही.

काल दुपारी अडीचला मनोहररावांनी कोल्ड रूमचा दरवाजा उघडला तेव्हा दुर्गेश खोक्यांच्या थप्पीला पाठ लावून बसलेला होता. उठवला तर उठेना. छाती धरली होती आणि श्वास घेताना आवाज येत होता. मनोहररावांनी त्याला एकट्याने उचलून बाहेर आणलं, साठीचा माणूस. बाहेरच्या झळीत त्याच्या जॅकेटवरचा बर्फ वितळून पाणी गळत होतं. माझ्याच गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत तो शुद्धीवर होता. मागच्या सीटवरून म्हणाला, "मॅडम, हे रजेत नोका धरू."

डॉक्टर होती पंचविशीची मुलगी. बोटांची नखं पाहिली, डोळे पाहिले, मनोहररावांना दोन प्रश्न विचारले आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही कंपनीकडून? यांचा पॅटर्न माहीत होता तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो. तीन आठवड्यांपूर्वीच कळला."

तिने पेन थांबवलं. "आणि तरी उणे अठरात ठेवलं?"

मला वाटलं, हजेरीशी हिला काय करायचंय. म्हटलंसुद्धा, "त्याचा खाड्यांचा पॅटर्न." मग मला बाजूला घेऊन तिने लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडांमध्ये असं दुखतं की माणूस ओरडतो. जन्मापासूनचा आजार, आईबापांकडून येतो, मरेपर्यंत राहतो. थंडी, तहान, अतिश्रम, यांनी उसळतो. तपासणीच्या कागदावर रक्ताचा पॅटर्न लिहितात, एएस म्हणजे नुसता अंश, एसएस म्हणजे पुरा आजार. "आपल्याकडे गावात आजाराचं नाव कोणी घेत नाही," ती म्हणाली. "लग्न जुळवताना नुसतं विचारतात, पॅटर्न आहे का. तुम्ही नागपूरच्याच ना?"

हो, नागपूरचीच. धरमपेठेत वाढले, मनीषनगरात राहते. सिकलसेलची पोस्टरं दवाखान्यांच्या भिंतींवर शेकडो वेळा पाहिलीत. सावनेर माझ्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर आहे. हा शब्द तिथे असा वापरतात हे मला माहीत नव्हतं.

तिने तोवर केसपेपरवर लिहिलं होतं, ‘आजाराची कल्पना व्यवस्थापनास होती.’ मी म्हटलं, ते खोडा. ती म्हणाली, "तुम्हीच हो म्हणालात."

घरी आले आणि पंचवीस तारखेची नोंद वाचली. प्रत्येक वाक्य. तो काय बोलत होता आणि मी काय ऐकत होते.

१७ मे, शनिवार

दवाखान्यात गेले. ऑक्सिजन लावलेला, झोपेत होता. छातीत पाणी झालंय, पण धोका टळला म्हणतात. त्याची आई देवकी खाटेशी जमिनीवर बसलेली. मला ओळखलं कसं कोण जाणे, उठून माझे हात धरले.

"बसा नं मॅडम. लय सांगते हा तुमचं." मग इकडेतिकडे बघून कानाशी आली. "आम्ही सगळ्याले ऊन लागलं म्हणून सांगतलं. मे महिन्यात कोण नाही म्हणन? रितिकाची तपासणी केली जी आम्ही, दोनदा केली, तिच्यात काहीच नाही निघालं. साफ आहे पोरगी. पण घरात आहे म्हटलं का कोण करते? चार तारीख निघून जाऊ द्या फक्त. तुमी तोंडातून शब्द नाही काढला, तेवढ्यानं वाचलो आम्ही."

तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तिने डब्यातली भाकर काढून दिली, ती खाल्ली.

१९ मे, सोमवार

बापूजींनी केबिनचं दार लावून घेतलं. वकील बसलेला होता. केसपेपरची प्रत आणि दुर्गेशचा सही केलेला कागद, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले होते. वकील म्हणाला, या दोन कागदांचा अर्थ एकच होतो. मॅडमला आजार माहीत होता, त्यांनी रजा बंद केली आणि माणसाला थंडीत कोंडलं. उद्या तो कोर्टात गेला तर कंपनी जाईल आणि त्याआधी तुम्ही.

"मला माहीत नव्हतं!" मी ओरडले. अकरा वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा.

"हेच लिहा," वकील म्हणाला. पत्र तयारच होतं. दुर्गेशने सिकलसेल हा आजार लपवून नोकरी मिळवली, व्यवस्थापनाला कोणतीही कल्पना नव्हती, सबब सेवा समाप्त. खाली माझं नाव. रजिस्टर पोस्टाने गावच्या पत्त्यावर पाठवायचं.

गावच्या पत्त्यावर म्हणजे पोस्टमन ते पारावर वाचणार. मी सही केली नाही. म्हटलं, चार जून होऊ द्या, मग बघू. बापूजींनी पत्राची घडी करून ठेवली. मग म्हणाले, "बेटा, सोच ले. या तो वो, या तू."

रोहितला सांगितलं तर तो म्हणतो, "सही करून टाक. खरंच तर आहे, तुला माहीत नव्हतं." खरं आहे म्हणूनच तर कठीण आहे. पण नाही केली. कितीतरी वर्षांनी मला माझ्याबद्दल बरं वाटलं.

२३ मे, शुक्रवार

चार दिवस झाले, एकच वाक्य डोक्यात वाजतंय. वकिलाला म्हटलं, रोहितला म्हटलं, आंघोळ करताना भिंतीला म्हटलं. मला माहीत नव्हतं.

आज सफरचंदं घेऊन दवाखान्यात गेले. दुर्गेश उशीला टेकून बसला होता, नळी काढलेली, गालफडं आत गेलेली. खाटेच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ. मला बघून दुर्गेशचा चेहरा उजळला.

"या मॅडम, या. हे नानाजी, रितिकाचे सासरे. पाह्यले आले मले." आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणाला, "नानाजी, याच त्या आमच्या मॅडम. यायनंच आणलं मले इथं. मॅडमले माहं सगळं माहीत आहे, इचारा तुमी."

नानाजींनी हात जोडले. साधा माणूस. "पोराले ऊनच लागलं होतं नं मॅडम? नाही, घरात बाया बोलते काहीबाही, म्हणून आपलं इचारलं."

दुर्गेश माझ्याकडे बघत होता. अजिबात काळजी नव्हती त्याच्या डोळ्यांत. मी फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. रोज खोटी आजारपणं तपासणाऱ्या बाईने एकदा एक खोटं आजारपण खरं आहे म्हणायचं होतं, आणि चिठ्ठीसुद्धा कोणी मागत नव्हतं.

पलीकडच्या खाटेशी ती डॉक्टर मुलगी उभी होती, केसपेपरवर ते वाक्य लिहिणारी. माझ्या कानात ‘मॅडमले सगळं माहीत आहे’ एवढंच घुमत होतं. तिनेही ऐकलं असणार. आणि माझ्या तोंडून निघालं, मोठ्याने निघालं, "मला काही माहीत नव्हतं! आधी सांगितलं असतंस, तर ठेवलं असतं का मी तुला कोल्ड रूममध्ये?"

वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. देवकी नळावरून पाण्याची बाटली भरून येत होती, ती तिथेच थबकली.

"काय नोतं माहीत, मॅडम?" नानाजींनी विचारलं. अगदी अदबीने.

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टर म्हणाली की पेशंटबद्दल ती कोणालाही काही सांगणार नाही. तिने पटकन ऊन लागलंय म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. नानाजी स्टुलावरून उठले. खाटेला लटकवलेल्या कागदाकडे त्यांनी पाहिलं, वाचता येत होतं की नाही कोण जाणे. मग टोपी नीट केली, देवकीला "येतो" म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यासाठी आणलेला सरबताचा ग्लास तसाच राहिला.

देवकीने बाटली खाटेखाली ठेवली आणि जमिनीवर बसली. रडली नाही. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

दुर्गेशला मात्र नानाजींचं अजून ध्यानात आलेलं नव्हतं. तो वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. कपाळाला आठ्या घालून कठीण गणित करावं तसा माझ्याकडे बघत होता.

"तुमाले माहीत नोतं?"

"नाही."

"त्या दिवशी केबिनात... तुमी म्हणल्या नं, कागदावर दिसते म्हणून."

"मी खाड्यांबद्दल बोलत होते, दुर्गेश. हजेरीबद्दल."

त्याने चादर छातीपर्यंत ओढली. मग विचारलं, "मंग मी सई कायची केली, मॅडम?"

मी सफरचंदं स्टुलावर ठेवली आणि जिना उतरून खाली आले.

२८ मे, बुधवार

लग्न मोडलं. मनोहररावांनी सांगितलं, मस्टरवर सही करता करता, वर न बघता. नानाजींकडून निरोप आला, मुलाला इतक्यात करायचं नाही म्हणून. कारण कोणी बोललं नाही आणि तालुक्यात सगळ्यांना कळलं. रितिकाला मामाकडे पाठवलंय. दुर्गेशला परवा घरी सोडतील. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का. मनोहरराव म्हणाले, "तो काय म्हणन, मॅडम? तुमाले तं काही माहीतच नोतं."

मे महिन्याची हजेरी सत्त्याण्णव टक्के आहे. इतकी कधीच नव्हती.

दुपारी बापूजींनी ते पत्र पुन्हा पाठवलं. गावच्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने. मी दोनदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. आणि आता त्याने कोणाचं काही बिघडणारही नव्हतं, म्हणून सही केली.